ठिपक्यांचं कणीस

डेल्फीच्या बाहुलीला नाक नव्हतं, डोळे नव्हते, हातपायही नव्हते. मक्याचं एक कणीस आणि त्याला गुंडाळलेलं निळ्या चौकड्यांचं फडकं, एवढीच ती बाहुली. पण लेकीचा जीव तिच्यात असा अडकलेला की जेवताना बाहुलीला खोटे खोटे दोन घास भरवल्याशिवाय ही स्वतः तोंड उघडायची नाही.

कणीस आमच्या शेतातलं नव्हतं. आमचा मका पिवळाधमक. हे पांढुरकं होतं आणि दाण्यादाण्यावर जांभळट ठिपके, लावीच्या अंड्यावर असतात तसे. फडकं मात्र माझं. म्हणजे माझ्या आईचं.

ओहायोतून निघालो त्या सकाळी आईनं परसातल्या, वसंतात जांभळं फुलणाऱ्या लायलॅकच्या झुडपाची एक फांदी मुळासकट उपटली, वाटेत सुकू नये म्हणून तिचं बूड एका मोठ्या बटाट्यात खोचलं आणि गुंडाळायला काही सापडेना तेव्हा कमरेचा एप्रन सोडून त्यात बांधून दिलं. "पोचलीस की लाव," म्हणाली. "फुललं की समजायचं, घर झालं." गाडी वळेपर्यंत ती कुंपणाशी उभी होती. एप्रनशिवाय मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. हातांना पुसायला काही नाही, म्हणून ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. आजही आठवण काढायला बसले की तिचा चेहरा उशिरा येतो. आधी ते मोकळे हात येतात.

लायलॅक जगलं. घराच्या मागच्या अंगाला आहे, माझ्या गुडघ्याहून थोडं उंच. दर वसंतात त्याला पानं येतात आणि मी रोज सकाळी जाऊन कळी शोधते. अजून फुललेलं नाही.

इथं यायची आपल्याला काही हौस नव्हती, असं मी म्हणते. ऑरिन म्हणतो, हौस नसती तर कोण आलं असतं? ते सहा भाऊ. सासऱ्यांची डोंगरउतारावरची जमीन एवढीशी की वाटण्या केल्या असत्या तर प्रत्येकाला एक धोंडा आणि अर्धी गाय मिळाली असती. त्यात रेल्वे कंपनीचं रंगीत पत्रक दुकानाच्या दारावर लागलं. नेब्रास्कात रिकामी, काळीभोर जमीन. पाच वर्षं राहा, जमीन कसा, ती तुमची. ऑरिन ते वाचून घरी आला तो त्या दिवशी जेवलाच नाही. रविवारी पाद्रीबाबाही म्हणाले, पश्चिमेची भुई देवानं आपल्यासाठीच राखून ठेवली आहे. मला त्या 'रिकामी' शब्दाची भीती वाटली होती. रिकामी म्हणजे विहीर नाही, झाड नाही, शेजार नाही. त्या शब्दाचा तेवढाच अर्थ मला तेव्हा लागला.

जमीन रिकामी नव्हती. आम्ही मातीच्या ढेकळांचं घर उभं केलं, त्याच्या जवळच एक मोठी गोल खोलगट जागा होती. भुई चोपून चोपून घट्ट बसलेली. रानरेडे लोळून झाली असेल, असं ऑरिन म्हणाला आणि आयती सपाट जागा मिळाली म्हणून आम्ही तिथं कोंबड्यांचं खुराडं घातलं. पहिल्याच वसंतात त्या जागेच्या कडेला आमच्या गाईचा पाय जमिनीत गेला. तिला ओढून काढलं तर खाली पोकळी. रांजणासारखी, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आतून वाळल्या गवतानं मढवलेली. आत वेण्या घालून रचलेली ठिपक्यांची कणसं, आणि सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या, चटईसारख्या विणलेल्या. कुणी तरी फार निगुतीनं ठेवलं होतं ते.

"पॉनी जमातीच्या इंडियनांचं असणार," ऑरिन म्हणाला. सरकारनं त्यांना आदल्याच वर्षी दक्षिणेला हलवलं होतं. "आता ते न्यायला कोण येतंय परत?"

त्याच उन्हाळ्यात टोळधाड आली. टोळांनी मका खाल्ला, वाल खाल्ले, जमिनीत शिरून कांदे पोखरले आणि वर कुदळीचा दांडाही कुरतडला, घामाचा खारटपणा होता म्हणून. तो हिवाळा आम्ही त्या खड्ड्यावर काढला. राखेच्या पाण्यात दाणे उकडायचे, साल चोळून काढायची, मीठ घालायचं. डेल्फी त्याच हिवाळ्यात झाली. मला दूध आलं ते त्या मक्याचं.

पुढच्या वसंतात मूठभर दाणे मी आमच्या पिवळ्या शेताच्या बांधाला लागून पेरले. ठिपके आवडले, एवढंच कारण. ते आले, आणि मग दरवर्षी मी त्यांचंच बी धरत गेले. खड्ड्यातलं एक कणीस तेवढं चुलीवरच्या खुंटीला लटकत राहिलं होतं. डेल्फी पायावर उभी राहिली तशी त्याच्याकडे बोट दाखवून रडायला लागली. मी ते काढलं, एप्रनच्या तुकड्यात गुंडाळलं आणि तिच्या कुशीत दिलं. तेव्हापासून ते तिचं बाळ.

यंदाच्या शरदातली गोष्ट. मी आणि मर्सीमावशी दारात भोपळे चिरत बसलो होतो. मर्सीमावशी टेकडीपलीकडे राहते. नात्यानं ती कुणाचीच मावशी नाही, पण या मुलखात केस पांढरे झालेली बाई सगळ्यांची मावशी होते. धाकटा सायलस माझ्या मांडीवर झोपला होता. ऑरिन नदीकडे गवत कापायला गेला होता.

एक बाई आली आणि आमच्या दोघींच्या मधून सरळ घरात शिरली. हाक नाही, काही नाही. खांद्यावर जाडी शाल, पायांत पुरुषी बूट, केसांच्या भांगात लाल रंग. आत जाऊन ती भिंतीच्या कडेकडेनं चालली, मधली जागा टाळून, जशी काही तिथं कुणी निजलंय. सगळं घर फिरली आणि पुन्हा दाराशी आली.

"बघ गं, पाहुण्या आल्या," मावशी माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दार वाजवायची रीत नाही यांच्यात."

"बसा ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बसा?" मावशी फिसकारली. "राणीसाहेब आल्यात का? आता पंख्यानं वारा पण घाल."

बाई बाकावर नाही, जमिनीवर बसली. मावशीकडे बघून आमच्याच भाषेत, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "दार वाजवायचं असतं, मला माहीत आहे. सरकारनं आमच्यावर एजन्सी बसवली, तिच्या साहेबाच्या घरी मी कपडे धुवायचे. तिथं वाजवायचे." मग खुराड्याकडे हनुवटी केली. "तुमच्या कोंबड्या माझ्या आईच्या घरात आहेत."

मर्सीमावशीनं पुढचा भोपळा ओढला आणि नको तेवढ्या जोरात चिरला.

मी पाणी दिलं, भाकरी दिली. नाव विचारलं.

"माझं नाव तुझ्या तोंडात मावायचं नाही. साहेब मार्था म्हणायचा. मार्था म्हण." तिनं भाकरीचा घास हळूहळू चावला, कसला तरी शोध घेतल्यासारखा. "तिथं कडेला आईनं मका पुरला होता. आमचा, ठिपक्यांचा. तिकडे दक्षिणेत पहिल्या वर्षी पेरला तो उन्हानं जाळला. दुसऱ्या वर्षी ताप आला, पेरायला माणसं उठली नाहीत. मग भूक आली. बी खाल्लं. आता आमच्याकडे एक दाणा नाही." तिनं भाकरी खाली ठेवली. "तो खड्डा सापडला का तुम्हाला?"

"सापडला," मी म्हणाले. "टोळांच्या वर्षी. आम्ही खाल्ला."

तिनं मान हलवली. रागावली नाही. भूक म्हणजे काय हे दुसऱ्या कुणी तिला सांगायला नको होतं.

"पण मी पेरलाय!" मला एकदम आठवलं आणि इतका आनंद झाला की सायलस दचकून उठला. "आहे, आमच्याकडे आहे! चला, दाखवते. पोतं भरून न्या."

तिचा चेहरा कसा उजळला ते मला लिहिता येणार नाही. ती मुलीसारखी माझ्यापुढे धावली. बांधावर पोचली, पहिलं कणीस धरलं, पानं सोलली. पांढुरके दाणे, जांभळे ठिपके, आणि त्यांच्यामध्ये पिवळे. दुसरं सोललं. त्यात पिवळे जास्त. तिसरं. चौथं. मग तिनं सोलणं थांबवलं आणि सोललेली पानं परत कणसावर नीट चढवून दिली, कुणाचं पांघरूण सारखं करावं तशी.

"काय झालं? वाईट आहे का?"

"वाईट नाही. खा. चांगला मका आहे." तिनं आमच्या पिवळ्या शेताकडे हात केला आणि तो हात वाऱ्यासारखा इकडे आणला. "आम्ही दोन रंग शेजारी लावत नाही. मध्ये टेकडी ठेवतो. मका वाऱ्यावर लग्न लावतो, कुणाला विचारत नाही."

"चला, आहेराचा खर्च तरी वाचतो," मर्सीमावशी मागून म्हणाली. आणि ती बाई हसली. खरंच हसली, तोंडावर हात धरून. हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "पण ही ती नाही," ती म्हणाली. "ही तुमची झाली."

मला वाटलं होतं, मी जपलंय.

तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून डेल्फी आली, काखेत बाळ. फडक्यातून कणसाचं टोक बाहेर डोकावत होतं. मार्था गुडघ्यांवर बसली. हात पुढे केला नाही. नुसतं बघत राहिली आणि एक शब्द म्हणाली, "अतिरा."

"हे माझं बाळ आहे," डेल्फीनं बजावलं.

"बाळ नाही गं. ही आई. अतिरा म्हणजे आई."

"कुणाची आई?"

"माझी. माझ्या आईची पण."

डेल्फीनं कणसाकडे पाहिलं, बाईच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या बाईची आई एवढीशी, हे काही तिला पटलं नाही. पण ही बाई आपल्याकडून काय मागणार आहे ते मात्र तिला पक्कं कळलं. ती वळली आणि पळाली.

"डेल्फी!"

"ओरडू नकोस तिला," मार्था म्हणाली. "आईला कुणी ओढून नेत नाही. दिली तर नेईन. भावाची गाडी नदीवर थांबली आहे. ऊन त्या झाडांच्या खाली गेलं की निघायचं, साहेबाची परवानगी आजपुरतीच आहे."

ऑरिन आला तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर टेकलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"एक कणीसच ना? शंभर दे तिला."

"तिला ती नकोत, ऑरिन. तेच हवंय."

"आणि पोरीला?" त्यानं आवाज खाली आणला. "विनी, आज कणीस. उद्या दहा जण येतील आणि खड्डा दाखवा म्हणतील. परवा कोंबड्यांची जागा. मग आपण उभे आहोत ती. एक वर्ष राहिलंय गं. एक! मग कागद आपल्या नावावर. तोवर मला कुणाची आई नको आणि कुणाचं घर नको."

तो दुष्ट नाही. त्याच्या तळहातांच्या भेगा बघितल्या की मला त्याच्याशी भांडता येत नाही. त्यानं डेल्फीला उचललं, विचारलं, "बाळ कुठंय, चिमणे?"

"हरवलं."

ऑरिनचा चेहरा सैल पडला. त्यानं मार्थाकडे वळून, उर्मटपणे नाही, सांगितलं, "पोर म्हणते हरवलं. आता आम्ही तरी काय करणार, बाई."

मार्थानं उन्हाकडे पाहिलं. उठली. शाल सारखी केली. "बरं," म्हणाली, आणि निघाली.

बाळ कुठं होतं ते मला ठाऊक होतं. डेल्फीचं बाळ रुसलं की आजीकडे जातं. आजीचं घर म्हणजे लायलॅकचं बूड. मीच तिला सांगितलं होतं, हे आजीचं झाड. तिथं गवतात खळगा करून ती बाळाला निजवते आणि वरून पानं टाकते. मी गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं. माझ्या लेकीकडे दुसरं खेळणं नाही, आणि खरं सांगायचं तर ते फडकं दुसऱ्या कुणाच्या हातात बघायची माझीच तयारी नव्हती. त्या झाडाशिवाय ओहायोतलं माझ्याजवळ दुसरं काय आहे?

पण मार्था खुराड्यापाशी थांबली होती. त्या गोल जागेच्या काठावर, आमच्याकडे पाठ करून. आत उतरली नाही. कोंबड्या तिच्या बुटांभोवती टिपत होत्या, आणि तिचे दोन्ही हात बाजूला मोकळे होते. ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

सायलसला मावशीच्या हातात देऊन मी घरामागे गेले.

डेल्फीनं मला वाकताना पाहिलं आणि असा टाहो फोडला की कोंबड्या उडाल्या. "आजीकडून नको ना नेऊ! आई! आजीकडून नको!" माझ्या झग्याला लोंबकळली. मी तिला तशीच ओढत चालत राहिले. पाठीमागे मर्सीमावशी म्हणत होती, "अगं पोरीचं तोंड तरी बघ!" मी बघितलं नाही. बघितलं असतं तर पोचले नसते.

मार्थानं ते दोन्ही हातांवर घेतलं. तोंडाजवळ नेऊन तिच्या भाषेत बोलत राहिली, भराभर, हळू आवाजात. मध्येच तक्रार केल्यासारखं, मध्येच कुणाकुणाची नावं सांगितल्यासारखं. लांबून माहेरी आलेली लेक बोलते तसं. मग तिनं फडकं सोडलं, अंगठ्यानं दाणे चाचपले, एका दाण्याचं बूड नखानं उकरून पाहिलं. जिवंत होता बहुतेक, कारण तिनं डोळे मिटले.

फडक्याची घडी करून तिनं माझ्या हातात दिली. "मुलगी म्हणाली, आजीचं. तुझी आई तुझ्याकडे राहू दे."

कणसाच्या टोकाचे बारके दाणे तिनं सोडवले आणि रडणाऱ्या डेल्फीची मूठ उघडून त्यात घातले. "हे पेरायचे नसतात," तिला म्हणाली. "हे खेळायचे."

"तिकडे उगवेल?" मी विचारलं.

"ती माती हिला ओळखत नाही." कणीस तिनं शालीच्या आत, उराशी धरलं. "मी हिच्याजवळ बसेन. बोलेन. मग बघू." जाता जाता लायलॅककडे बोट केलं. "ते काय?"

"माझ्या आईच्या परसातलं. फुलत नाही."

"लांबून आलंय?"

"फार लांबून."

ती परत आली, वाकून एक पान दोन बोटांत धरलं, सोडलं. "मग घाई करू नकोस त्याला," म्हणाली, आणि नदीकडे उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गाय पिळून आले तर ऑरिन खुराडं खांबासकट उपटून पलीकडच्या उंचवट्यावर नेत होता.

"ओल धरते तिथं," माझ्याकडे न बघता म्हणाला. "कोंबड्यांना सोसत नाही."

तिथं कधी ओल धरली नव्हती. मी दुसऱ्या बाजूनं हात लावला.

डेल्फीला मी बांधावरचं एक कणीस सोलून त्याच फडक्यात गुंडाळून दिलं. तिनं फडकं उघडून पाहिलं. "हिचे दात पिवळे आहेत," म्हणाली, "ही दुसरी आहे," आणि कणीस गाईला घातलं. फडकं मात्र तिनं परत आणून दिलं. टोकाचे दाणे ती एका जुन्या डब्यात ठेवते आणि वाजवते.

काल मी सायलसला पाजत बसले होते. ती डबा घेऊन येऊन समोर उभी राहिली.

"आई, माझं बाळ कुठं गेलं?"

"घरी गेलं, राणी."

तिनं डबा एकदा वाजवला. मग पायाखाली पाहिलं आणि जमिनीवर टाच आपटली, मला दिसलं नसेल तर दिसावं म्हणून.

"पण घर तर हे आहे."

सायलस झोपला होता. मी त्याला खाली ठेवलं, एप्रनचं फडकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या चौकड्या जुळवत बसले. ती उत्तराची वाट बघत उभी होती.